फॅन बेल्ट ओरडतो तेव्हा

[पहाट. पावसात भिजणारं अंगण. पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली पांढरी मारुती ८००.]

कोल्हापूर. जुलै महिना. रात्रभर पावसाची झड लागलेली. सकाळी साडेसहाला आबा शेडमध्ये येतात, दार उघडून बसतात आणि चावी फिरवतात.

[स्टार्टरचा आवाज. इंजिन चालू होतं आणि लगेच एक तीक्ष्ण, लांबलेली किंकाळी.]

तीन-चार सेकंदांचाच हा आवाज, पण समोरच्या घराची खिडकी उघडते, शेडच्या कोपऱ्यातलं मांजर पळून जातं, आणि आबांच्या कपाळावर आठी पडते. गाडी १९९७ सालची. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटरवालं. एसी नाही. माझी बहीण हिच्यातून कॉलेजला गेली, आईला दवाखान्यात हिनंच नेलं आणि परत आणलं. त्यामुळे तिच्या आवाजात जरासा फरक पडला तरी आमच्या घरात सगळ्यांना कळतो.

दीड महिना हा आवाज चालू होता. आधी एका गॅरेजमध्ये बेल्ट ओढून घट्ट करून दिला. आठ दिवस शांतता, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा नवा बेल्टच टाकला. तोही पंधरवड्यात ओरडायला लागला. मग कुणीतरी सांगितलं, साबणाची वडी घासा. आबांनी तेही केलं. दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी साबणावर धूळ बसून बेल्ट काळा-चिकट झाला.

शेवटी गाडी शिवाजी उद्यमनगरात आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली.

[उद्यमनगरची गल्ली. लेथ मशिनचा आवाज, वेल्डिंगच्या ठिणग्या, ओतीव लोखंडाचे ढीग.]

कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे फाउंड्र्या, लेथ आणि ऑइल इंजिनं. या भागातली मंडळी इंजिनाला पट्टा लावून यंत्र चालवताना लहानपणापासून बघत आलेली. मिस्त्रींचं लहानपण गुऱ्हाळावर गेलं. इंजिन एका बाजूला, उसाचा चरक दुसऱ्या बाजूला आणि मधे लांबलचक सपाट पट्टा. पट्टा घसरायला लागला की त्यावर राळ लावायची. राळेनं पट्ट्याची पकड वाढते. मिस्त्री सांगतात की पट्टा कसा बोलतो ते त्यांच्या कानांना तिथंच कळायला लागलं.

त्यांनी आधी बॉनेट उघडलं नाही. मला म्हणाले, "चालू कर, आणि आधी ऐकून घे की. कवा वरडतोय ते सांग मला."

मी सांगितलं. सकाळी चालू करताना, पावसात जास्त. एकदा गप्प झाला की दिवसभर काही नाही. पण संध्याकाळी हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम लावले की पुन्हा चीं.

निम्मं निदान इथंच होतं. फक्त ते ऐकायला वेळ द्यावा लागतो.

[बॉनेट उघडलेलं. तीन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा काळा बेल्ट, जवळून.]

हा बेल्ट नीट बघू या. खाली क्रँकशाफ्टची पुली, ती इंजिनासोबत फिरते. वर वॉटर पंपाची पुली, तो इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, फिरवतो. आणि बाजूला अल्टरनेटरची, म्हणजे वीज तयार करून बॅटरी भरणाऱ्या जनित्राची, तिघींत सगळ्यात लहान. इंजिनाची एक फेरी होते तेव्हा अल्टरनेटरच्या साधारण दोन होतात. पुली लहान म्हणून तिच्यावर बेल्टचा विळखाही कमी, आणि ओझं मात्र सगळ्यात जास्त. त्यामुळे घसरायचं असेल तर बेल्ट बहुतेक वेळा इथंच घसरतो.

सगळे याला फॅन बेल्ट म्हणतात. खरं तर मारुती ८०० चा रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, या बेल्टचा त्याच्याशी काही संबंध नाही. नाव आलं आधीच्या गाड्यांवरून. अँबॅसडरमध्ये किंवा कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत हा बेल्ट खरोखरच पंखा फिरवायचा. गाड्या गेल्या, नाव राहिलं. आणखी एक घोटाळा नेहमी होतो तो टायमिंग बेल्टचा. तो वेगळा, इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा. त्याला दाते असतात, तो झाकणाच्या आत असतो. बाहेरून दिसणारा आणि असा ओरडणारा तो नव्हे.

आता सकाळीच का? स्टार्टर मारताना बॅटरीतून एकदम मोठा करंट ओढला जातो. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर ती तूट भरून काढायला जोर लावतो, म्हणजे फिरायला जड होतो. त्यात रात्रभराच्या गारठ्यानं रबर कडक झालेलं आणि हवेतली ओल पुलीवर बसलेली. बेल्टची पकड सुटते. रबर क्षणभर पुलीला धरतं, सुटतं, पुन्हा धरतं, पुन्हा सुटतं. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि बेल्ट थरथरतो. सारंगीची तार गजाखाली अशीच धरते-सुटते, म्हणून ती वाजते. बॅटरीची तूट भरली की अल्टरनेटर हलका होतो आणि आवाज थांबतो. बॅटरी म्हातारी असेल तर आवाज जास्त वेळ टिकतो. म्हणून असा आवाज आला की बॅटरीही तपासून घ्यावी.

मिस्त्रींनी प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं. इंजिन चालू, हात लांब, आणि बेल्टच्या आतल्या बाजूवर पाण्याची बारीक चिळकांडी.

[पाणी पडताच आवाज एकदम वाढतो.]

"बघितलंस? पाणी पडलं की वाढला. म्हणजे घसरतोय. पाण्यानं जरा गप्प बसला असता आणि परत चिर्र चिर्र सुरू झाला असता, तर पुल्या एका रेषेत न्हाईत असं म्हटलं असतं."

हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. लांबलेली चीं आणि तुटक चिवचिव हे दोन वेगळे आवाज आहेत, त्यांची कारणंही वेगळी. बेल्ट तिरका धावत असेल तर चिवचिव येते, तीही तालात, इंजिनाचा वेग वाढवला की ताल वाढतो. आणि घरघर किंवा गुरगुर येत असेल तर बेल्टला सोडून बेअरिंगकडे बघायचं.

मग इंजिन बंद. चावी काढून मिस्त्रींनी स्वतःच्या खिशात टाकली. चालू इंजिनात कुणाची बोटं, ओढणी किंवा हातातलं कडं सापडू नये म्हणून ते चावी कधीच गाडीत ठेवत नाहीत. त्यांनी दोन पुलींमधल्या सगळ्यात लांब पल्ल्याच्या मधोमध बेल्टवर अंगठा दाबला.

बेल्ट जेमतेम तीन मिलिमीटर दबला.

इथं मी गोंधळलो. या गाडीला अंगठ्याच्या चांगल्या दाबाखाली सहा ते नऊ मिलिमीटर झोळ हवा. आमचा बेल्ट सैल नव्हता, उलट गरजेपेक्षा जास्त आवळलेला होता. तरीही घसरत होता.

मिस्त्री म्हणाले, "पट्टा वरडतोय म्हणजे पट्टाच वाईट असं नसतंय बघ. त्याला कुणीतरी वरडायला लावतंय."

[बॅटरीची मायनस तार काढताना. मग १२-१३ चा पाना.]

आधी बॅटरीची मायनस तार काढली. अल्टरनेटरच्या मागच्या टर्मिनलला बॅटरीचा थेट करंट असतो, गाडी बंद असली तरी. पाना तिथं टेकला आणि दुसरीकडे बॉडीला लागला तर ठिणगी उडते, हात भाजतो. मग अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि वरच्या खाचेतला बोल्ट दोन्ही सैल केले, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला आणि बेल्ट हातानंच काढून घेतला.

आता प्रत्येक पुली हातानं फिरवायची. वॉटर पंप: गुळगुळीत, हलत नाही, खालच्या बारीक भोकातून कूलंट ठिबकत नाही. ठीक. क्रँकच्या पुलीवर थोडा गंज, बाकी काही नाही. आणि अल्टरनेटर.

[बोटांनी फिरवलेली पुली. खरखर. दोन फेऱ्यांत अडखळून थांबते.]

वाळूत फिरवल्यासारखी खरखर. मिस्त्रींनी माझा हात धरून ती पुली मला फिरवायला लावली. आवाज ऐकण्याआधी तो बोटांना कळतो. पुढचं बेअरिंग गेलं होतं.

पण ते का गेलं, हा प्रश्न उरलाच होता. त्याचं उत्तर त्याच पुलीत होतं.

[अल्टरनेटरच्या पुलीची खाच, अगदी जवळून. तळाशी चकाकणारी रेघ.]

हे दृश्य जरा वेळ बघा. खाचेचा तळ आरशासारखा चकाकतोय. हा बेल्ट इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा असतो, वर रुंद आणि खाली निमुळता. तो खाचेत पाचरीसारखा बसतो आणि दोन्ही बाजूंच्या तिरप्या भिंतींवर पकड धरतो. तळाला त्यानं टेकायचंच नसतं. चांगल्या पुलीत भिंती चकाकतात आणि तळ काळपट राहतो. आमच्या पुलीच्या भिंती वर्षानुवर्षं झिजून खाच रुंद झाली होती. नवा बेल्टसुद्धा तिच्यात खोल बसत होता आणि तळावर टेकत होता. पाचर खाली टेकली की पकड संपली. मग कितीही आवळा, बेल्ट घसरणारच.

पहिल्या गॅरेजनं आवळला. तो घसरतच राहिला म्हणून दुसऱ्यांदा नवा बेल्ट टाकून तो आणखी आवळला. त्या ताणानं बेअरिंगवर एका बाजूनं ओझं आलं आणि ते गेलं. जड झालेल्या बेअरिंगमुळे बेल्ट आणखी घसरायला लागला. आवाज बंद करायच्या घाईत कुणी ती खाच बघितलीच नव्हती. मला याचं खरोखर वाईट वाटलं, कारण ती बघायला दिवा आणि फडकं यापेक्षा काहीही लागत नाही.

काढलेला बेल्टही मिस्त्रींनी उलटा करून दाखवला. भिंती काचेसारख्या तुकतुकीत, हाताला कडक. याला ते "भाजलेला पट्टा" म्हणतात. घसरण्याच्या उष्णतेनं रबर असं होतं, आणि असा बेल्ट नंतर नीट ताणला तरी पकड धरत नाही. त्यावर कुठं तेल दिसलं असतं तर आधी तेलाची गळती शोधावी लागली असती, कारण तेल लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. तेल नव्हतं. साबण मात्र होता.

[ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान. पुलर लावून पुली काढताना.]

अल्टरनेटर उतरवून शेजारच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेला. बेअरिंगवर त्याचा नंबर कोरलेला असतो, त्याच नंबरचं नवं आणलं. पुली नवी. अल्टरनेटरच्या आतले कार्बनचे ब्रश मोजून पाहिले, ते चालण्यासारखे होते. दोन तासांचं काम.

तोवर मिस्त्रींनी काच पेपरनं क्रँक पुलीच्या खाचेतला गंज काढला आणि कोरड्या फडक्यानं पुसला. गंजाचे कण सॅंडपेपरसारखे नव्या बेल्टला घासत राहतात. ही पाच मिनिटं बहुतेक ठिकाणी वाचवली जातात आणि नवा बेल्ट महिन्यात जुना होतो.

अल्टरनेटर परत बसवला. स्टीलची फूटपट्टी पुलींच्या तोंडावर आडवी धरून त्या एका रेषेत आहेत का ते पाहिलं. मग नवा बेल्ट, आकडे जुन्याशी ताडून. बेल्ट चढवताना एक गोष्ट मिस्त्री कुणालाच करू देत नाहीत: डिसमिस घालून तो पुलीवरून उचकटायचा नाही. आतले दोरे तुटतात, बाहेरून काही दिसत नाही आणि मग तो एखाद्या घाटात तुटतो. या बेल्टवर वॉटर पंपही आहे. बेल्ट तुटला की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि पाठोपाठ इंजिन तापायला लागतं. आंबा घाटाच्या चढावर असं झालं तर गाडी तिथंच बाजूला घ्यायची. "घरापर्यंत जाऊ दे" म्हटलं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या सांध्यातली पट्टी, गेलंच.

[टॉमीनं, म्हणजे लांब लोखंडी दांड्यानं, अल्टरनेटर मागे ओढताना.]

टॉमी अल्टरनेटरच्या जाड भागावर टेकवायची, पातळ ॲल्युमिनियमच्या कवचावर नाही, ते तडकतं. एका हातानं ताण धरला, दुसऱ्यानं वरचा बोल्ट कसला, मग खालचा. अंगठा दाबला. सहा मिलिमीटर. नवा बेल्ट थोडा बसतो म्हणून सुरुवातीला हा कमीतला आकडा. दहा मिनिटं इंजिन चालवून, बंद करून पुन्हा अंगठा.

मग हेडलाइट, वायपर, ब्लोअर, सगळं एकदम लावलं. मल्टिमीटरवर १४.१ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग ठीक. आवाज नाही. पाण्याची चिळकांडी मारली. आवाज नाही.

[दुसऱ्या दिवशीची पहाट. तीच शेड. पाऊस.]

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आबा आले. मी कॅमेरा घेऊन आधीच उभा होतो. त्यांनी चावी फिरवायच्या आधी क्षणभर हात थांबवला, मला ते दिसलं. मग फिरवली.

[स्टार्टर. इंजिन. पत्र्यावरचा पाऊस. दुसरा कोणताही आवाज नाही.]

समोरची खिडकी बंदच राहिली. आबा काही बोलले नाहीत. दोन मिनिटं तसेच बसून राहिले, इंजिन ऐकत.

तीनशे किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींनी सांगितलेलं होतं तसं आम्ही दोघांनी बॉनेट उघडलं. चावी आबांच्या खिशात. बेल्टवर अंगठा मी दाबला, फूटपट्टी त्यांनी धरली. दहा मिलिमीटर. दोन्ही बोल्ट सैल केले, टॉमीनं ताण दिला, परत कसले, परत मोजलं. सात.