उघडली मूठ सव्वा लाखाची

(पडद्यावर : रात्रीचं हार्लेम. शटर ओढलेली दुकानं. एकाच खिडकीत दिवा.)

२३ ऑगस्ट १९८८. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कपड्यांचं एक दुकान रात्रभर उघडं असायचं. पहाटे चारच्या सुमारास तिथं हेवीवेट मुष्टियुद्धाचा जगज्जेता माइक टायसन आला होता. वय २२. दोनच महिन्यांपूर्वी त्यानं मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत लोळवलं होतं आणि तेवढ्या वेळाचे सुमारे दोन कोटी डॉलर मिळवले होते. आपल्याकडची सव्वा लाखाची मूठ त्याच्यापुढे चिल्लरच.

दुकानाबाहेर गाठ पडली मिच ग्रीनशी. तोही हेवीवेट मुष्टियोद्धा, आणि जुनी खुन्नस. शब्दानं शब्द वाढला. ग्रीनचा डोळा सुजून बंद झाला, आणि जगज्जेत्याच्या उजव्या हाताच्या हाडाला तडा गेला. मग मारायची वेळ आलीच तर मूठ बरी की उघडा तळहात?

आता थोडं मागे जाऊ. मे १९८६, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. हेच दोघं. दहाच्या दहा फेऱ्या झाल्या, निकाल गुणांवर लागला, टायसननं ग्रीनला मनसोक्त ठोसे मारले. तेव्हा हात शाबूत राहिला. माणसं तीच, डोकं तेच, मूठही तीच. रिंगणात तिच्यावर घट्ट पट्ट्या होत्या आणि वर ग्लोव्हज. रस्त्यावर नुसती कातडी. ग्लोव्हज समोरच्याचं तोंड वाचवायला असतात असं आपल्याला वाटतं. आधी वाचतात ती मारणाऱ्याची बोटं.

(पडद्यावर : हाताचा एक्स-रे.)

एका हातात २७ हाडं. करंगळीच्या मागचं, तळहातातलं हे लांबट हाड बघा. बोटाच्या पेराकडे त्याची मान बारीक होते. राग आला, मूठ वळली, हात बाजूनं फिरवला, की बहुतेकदा वजन याच मानेवर येतं आणि ती मोडते. डॉक्टरांच्या भाषेत ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’. नाव बॉक्सरचं, पण रांगेत बसलेले असतात भिंतीला, दाराला नाहीतर कुणाच्या कपाळाला मूठ मारून आलेले साधे लोक. कपाळ हे माणसाच्या अंगावरच्या सगळ्यात टणक जागांपैकी एक. आणि मार येतोय दिसलं की माणूस हनुवटी आत घेतो. नेम असतो तोंडावर, मूठ जाऊन बसते कपाळावर.

नेम चुकला नाही तर? मग दात. बोटांच्या गाठींवर कातडी पातळ, खाली लगेच सांधा. मूठ वळलेली असताना दात आत घुसतो. मूठ उघडली की बोट सरळ करणारी, दोरीसारखी वरची शीर मागे सरकते आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. बाहेरून दिसतं चिमुकलं खरचटणं. चार दिवसांनी सुजलेला हात घेऊन माणूस दवाखान्यात.

(पडद्यावर : तळहात, मनगटाजवळ बोट ठेवलेलं.)

आणि हा तळहात. मनगटालगत जाड गादी आहे, तिच्या मागे सरळ हाताची दोन हाडं. करंगळीमागच्या त्या मानेइतकं नाजूक काही वाटेत नाही. कराटेच्या वर्गात या माऱ्याला ‘तेइशो’ म्हणतात.

१९०७ मध्ये विल्यम फेअरबेर्न हा इंग्रज शांघायच्या पोलिसांत दाखल झाला. त्या शहराच्या गल्ल्यांत जे टिकलं, ते त्यानं जुजुत्सू या जपानी युद्धकलेच्या शिक्षणात मिसळलं आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना शिकवलं. त्याच्या शिकवणीतला नावाजलेला मारा हनुवटीखालून वर जाणारा, तळहाताच्या गादीनं केलेला. बंदुकीच्या चापावर बोट ठेवणाऱ्या माणसाला मोडकी मूठ कशी परवडणार?

तरी शंका उरतेच : चापटीनं कुणी पडतं का? १९९३ मध्ये जपानमध्ये ‘पॅनक्रेस’ नावाच्या लढती सुरू झाल्या. तेव्हाचा नियम असा, की डोक्यावर बंद मूठ चालणार नाही, तळहात चालेल. हॉलंडचा बास रुटेन तिथं उतरला आणि पहिल्याच लढतीत मिनिटाच्या आत समोरचा आडवा झाला. पुढेही अनेक जण त्या तळहाताखाली गेले.

आपल्या भाषेला मात्र यात नवल नसावं. चापट, चपराक, थप्पड, झापड, धपाटा, रपाटा. टपली तर लाडाचीही असते. कुठं, किती जोरात, कशासाठी, याची बारीक मोजणी आजीच्या बोलण्यात आहे. फक्त ‘कानाखाली’ हा शब्द जपून वापरावा. कानावर पंजा सपाट बसला तर पडदा फाटू शकतो.

पंजाच्याही अडचणी आहेत. बोटं सैल राहिली तर उलटी वाकतात. मुठीपेक्षा पोच थोडी कमी. पोटावर, बरगडीखाली मूठच बरी, तिथं मांस मऊ आहे. जुने शिकवणारे सांगतात तेच खरं : टणक जागेवर मऊ, मऊ जागेवर टणक.

मला स्वतःला पंजाचा मोठा फायदा माराच्या आधीच दिसतो. दोन्ही हात छातीसमोर, तळवे पुढे, “दादा, राहू द्या ना, जाऊ द्या.” हीच बचावाची उभं राहण्याची पद्धत, आणि कोपऱ्यावरच्या सीसीटीव्हीत ती विनवणीच दिसते. आवळलेल्या मुठी वेगळंच बोलतात.

कायद्यालाही ते दिसतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण बचावापुरती गरज असेल तितकीच इजा करता येते. कलम ११६ मध्ये हाड किंवा दात मोडणं ही गंभीर दुखापत. म्हणून पंजाला हलका समजू नका. तळहात खाऊन मागे पडलेल्याचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं, तर ती कडा मूठ-पंजा असा भेद करत नाही.

(पडद्यावर : पट्ट्या गुंडाळले जाणारे हात.)

हाताला तडा गेल्यानं टायसनची ब्रिटिश मुष्टियोद्धा फ्रँक ब्रुनोबरोबरची लढत पुढे ढकलावी लागली. तिला इतरही विघ्नं आली. अखेर २५ फेब्रुवारी १९८९ ला लास वेगासमध्ये ती झाली. पाचव्या फेरीत पंचांनी थांबवली, टायसन जिंकला. दोन्ही हातांना पट्ट्या, त्यावर ग्लोव्हज.