गुलमोहराची अळंबी

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात जुन्या गुलमोहराच्या बुंध्यापाशी एक कडक, तांबूस, चकचकीत अळंबी बाहेर आलेली तुम्ही पाहिली असेल. वाढती कड पांढरीशुभ्र. ही गॅनोडर्मा, लाकडावर वाढणारी बुरशी. ओळखायची तर वाकून तिचं पोट, म्हणजे खालची बाजू बघा. कुत्र्याच्या छत्रीला पापुद्रे असतात, हिला बारीक छिद्रं. पुन्हा सांगते, पापुद्रे नाहीत, छिद्रं. पांढऱ्या पोटावर नख ओढलंत, तर तपकिरी रेघ उमटते.

आमच्या गल्लीत, प्रभात रस्त्याजवळ, जूनच्या वादळात एक गुलमोहर आडवा झाला. फांद्या लगेच तोडून नेल्या, ओंडका मात्र कडेला राहिला. त्याच्यावर पंजाएवढी अळंबी होती. झाड उभं असताना तिचं पोट जमिनीकडे होतं. झाड पडलं तशी ती उभी झाली आणि पोट उपटलेल्या मुळांकडे वळलं. मला वाटलं, संपली बिचारी. श्रावणात दूध आणायला जाताना बघते, तर जुन्या कडेतून नवी पांढरी कड फुटलेली! आणि ती सरळ पुढे वाढेना, काटकोनात वळली. गणपती येईपर्यंत एकाच अळंबीची दोन पाती झाली होती. जुनं उभं, नवं आडवं. नव्याचं पोट पुन्हा जमिनीकडे. समोरच्या आजोबांना मी हाताला धरून आणलं. गुडघ्यावर हात टेकून ते वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, हिला खाली कुठे आहे ते कळतं की!"

कळतंच. प्रत्येक छिद्र म्हणजे उभी नळी. बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, नळीच्या भिंतीवर तयार होतात आणि खाली पडतात. नळी कलली, की ते भिंतीलाच चिकटून बसतात. म्हणून पोट खाली हवं, छिद्रं खाली हवीत. नव्या पात्याखालच्या फरशीवर काताच्या पुडीसारखी तपकिरी धूळ साचली होती, ते बीजाणूच.

हिला झाडात शिरायला वाट लागते, ती बहुतेकदा मुळांवरच्या घावांतून. खोदकामात मुळं तोडायची, वर खोडापर्यंत सिमेंट घालायचं, हे मला मुळीच पटत नाही. झाडाभोवती दोन हात माती मोकळी ठेवायला काय हरकत आहे? खोडात खिळे ठोकून क्लासच्या पाट्या लावणंही थांबायला हवं.

लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन फार थोड्या जिवांना पचतं. हिला पचतं. पडलेल्या लाकडाची माती होते ती अशा बुरश्यांमुळे. आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत, बुरशीतज्ज्ञ अजरेकरांच्या नावाच्या संग्रहात, बुरश्यांचे वाळवलेले नमुने जपून ठेवले आहेत.

तेव्हा ओंडक्यावर दिसली तर राहू द्या, मुलांना दाखवा. दारच्या उभ्या झाडावर दिसली तर मात्र उपटून उपयोग नाही. बुरशी आत लाकडात पसरलेली असते. त्या झाडाखाली गाडी लावू नका आणि जाणकाराकडून बुंधा तपासून घ्या.