आधी खांदा, मग कॅलिबर

फलकावर विषय लिहिलाय, ‘हरणाच्या शिकारीसाठी कोणतं कॅलिबर?’ कॅलिबर म्हणजे नळीचं माप, आणि बोलण्यात त्या मापाचं काडतूस. उत्तर देणार आहे, पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्यावी लागेल. दाराजवळ बसलेल्यांनी उगाच चुळबूळ करू नये.

नवा माणूस रायफल घ्यायला निघाला की त्याला चार जाणते गाठतात, आणि चौघेही त्याच्या गळ्यात थोरलंच काडतूस मारतात. ‘.३०० विंचेस्टर मॅग्नम घे, जन्माची सोय होईल.’ होते ना सोय! त्याचा धक्का .२४३ विंचेस्टर या हलक्या काडतुसाच्या दुपटीहून जास्त. आधी खांदा काळानिळा होतो, मग चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतात. ही खोड एकदा जडली की सहजी सुटत नाही, आणि गृहस्थ मात्र दुर्बिणीला दोष देत फिरतात.

पारख करायची तर रेंजवर करा. मॅगझिन जोडीदाराला भरायला सांगा. खऱ्या काडतुसांत त्यानं सरावाचं एक बिनदारूचं काडतूस मिसळायचं, कितवं ते सांगायचं नाही. त्याच्यावर चाप ओढला की नुसतं ‘टक्’ होतं. बार नाही, धक्का नाही, तरी धक्क्याच्या नुसत्या धास्तीनं नळीचं तोंड झटक्यानं खाली जातं. भल्याभल्या मिशा तिथे खाली आलेल्या मी पाहिल्यात. (हशा) हसताय ते ठीक, पण तुमच्यापैकी किती जणांनी हे करून बघितलंय?

आता माझी लाडकी गोष्ट. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करावा. जॉन नोस्लर हा अमेरिकेतला ओरेगनचा माणूस, ट्रकवाहतुकीचा धंदा करणारा. १९४६ साली तो कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात, मूसच्या शिकारीला गेला. मूस म्हणजे हरणांच्या कुळातलं सगळ्यात थोरलं जनावर. हातात .३०० एच अँड एच मॅग्नम, म्हणजे ताकदीत काही उणं नाही. जनावर चिखलात लोळून आलेलं, अंगावर वाळलेल्या चिखलाचं चिलखत. गोळ्या लागत होत्या, पण आत खोलवर जायच्या आधीच फुटत होत्या. दुसरा कुणी असता तर परत येऊन आणखी मोठी रायफल घेतली असती. नोस्लरनं गोळीच नव्यानं घडवली. तांब्याच्या आवरणात मधोमध आडवी भिंत, तिच्या पुढे शिसं आणि मागेही शिसं. पुढचा भाग फुलतो, मागचा एकसंध राहून आत शिरतो. १९४८ साली ही ‘पार्टिशन’ गोळी विक्रीला आली, ती आजही मिळते. काडतूस तेच होतं हो, नुसतं टोकाला बसवलेलं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत म्हणे. बरं, मूळ विषय, आणि आता झपाट्यानं.

आधी कायदा बघा. उदाहरणार्थ, स्कॉटलंडमध्ये रेड डिअर या मोठ्या हरणासाठी गोळी किमान ८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ५.२ ग्रॅमची लागते; २०२३ पर्यंत ही अट १०० ग्रेनची होती. नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला २४५० फूट आणि ऊर्जा १७५० फूट-पाउंड हवी. आपण ज्याला हिणवतो ते .२४३ शंभर ग्रेनच्या गोळीनं ही अट पार करतं. धक्क्याची भीती असेल त्यानं तेच घ्यावं.

.३०८ विंचेस्टर १९५२ सालचं. त्याच्याच पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याचं, तोंड आवळून १९५५ मध्ये .२४३ झालं आणि १९८० मध्ये ७ मिमी-०८ रेमिंग्टन. माझं मत विचाराल तर बहुतेकांना ७ मिमी-०८ किंवा ६.५ क्रीडमूर पुरून उरतं. मूसपर्यंत मजल मारायची असेल तर १९०६ चं .३०-०६ आहेच. दाट झाडीत, दीडशे यार्डांच्या आत, १८९५ चं .३०-३० अजून चोख काम करतं.

गोळी फुलणारीच हवी. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी आरपार जाते आणि जखमी जनावर लांब पळतं. बिनशिशाची, निव्वळ तांब्याची गोळी वापरणार असाल तर एक पायरी हलकी घ्या. तिचं वजन फारसं झडत नाही.

.२२३ राहिलं. स्कॉटलंडमध्ये रो डिअरसारख्या लहान हरणाला ते चालतं, रेड डिअरला नाही. यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी बाहेर चहापाशी भेटावं, पण आधी ते ‘टक्’ करून दाखवावं.