दोन हर्डलच्या मधली जमीन

नमस्कार सोलापूरकर मंडळी. गड्डा यात्रा नुकतीच संपलीय, सकाळी अजून जरा गारवा आहे, आणि कुत्र्याला काही नवीन शिकवायला आपल्या गावात याच्याइतका चांगला काळ नाही, कारण एकदा मार्च लागला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आज मुद्दाम डॉग अ‍ॅजिलिटीबद्दल, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीबद्दल बोलतोय.

मोबाइलवर व्हिडिओ बघितलाच असेल तुम्ही. हिरव्यागार मैदानात कुत्रं सुसाट सुटलंय, हर्डलवरून उडी, टनेलमधून आरपार, उभ्या काठ्यांमधून सर्रसर्र, आणि शेजारून एक माणूस हात हलवत पळतोय. बघितल्यावर सगळ्यांच्या डोक्यात उडीच राहते. माझ्याकडे सकाळी मैदानावर जो नवीन येतो तो हेच विचारतो, सर माझं कुत्रं किती उंच उडी मारेल. मी त्यांना म्हणतो उडीचं नंतर बघू, उडी कुत्र्याला येतेच, कंपाउंडच्या भिंतीवरून मांजरामागं जाताना कुणी शिकवली होती त्याला? खरा खेळ दोन हर्डलच्या मध्ये जी मोकळी जमीन असते ना, तिथं आहे.

आता असं का ते कळायला नियम थोडे माहीत पाहिजेत. हा खेळ फार जुना नाही. 1978 साली लंडनला क्रफ्ट्स नावाच्या मोठ्या डॉग शोमध्ये मधल्या वेळेत लोकांची करमणूक व्हावी म्हणून घोड्यांच्या शो जंपिंगवरून कल्पना घेऊन एक प्रयोग केला, तो लोकांना इतका आवडला की दोन वर्षांत, 1980 ला, तिथल्या केनेल क्लबनं त्याला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली. 1996 पासून एफसीआयची, म्हणजे कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, वर्ल्ड चॅम्पियनशिप चालू आहे. कोर्सवर साधारण 15 ते 22 अडथळे असतात, ठरलेल्या क्रमानंच करायचे. बार, म्हणजे हर्डलची आडवी काठी, पाडला की 5 फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण, अडथळ्यासमोर येऊन थांबलं किंवा बाजूनं निघून गेलं तर 5, तीनदा असं नाकारलं की बाहेर, आणि चुकीचा अडथळा घेतला तरी बाहेर. वेळ संपली की त्याचेही फॉल्ट वेगळे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्पर्धेत पट्टा नाही, हातात खाऊ नाही, खेळणं नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही. वर कोर्स दरवेळी नवा असतो, सुरू व्हायच्या आधी काही मिनिटं फक्त माणसाला चालून बघायला देतात, कुत्र्यानं तो बघितलेलाच नसतो. म्हणजे बघा, कुत्रं पूर्ण वेगात आहे, एक उडी मारून जमिनीवर आलंय, पुढं तीन अडथळे दिसतायत आणि कुठला घ्यायचा हे त्याला माहीतच नाही. त्या अर्ध्या सेकंदात ते तुमच्याकडं बघतं. तुमच्या तोंडाकडं नाही हां, तुमच्या पायाकडं आणि खांद्याकडं.

हे खरं वाटत नसेल तर आज घरी करून बघा. तुमचं कुत्रं बस म्हटलं की बसतं ना? मग त्याच्याकडं पाठ करून उभे राहा आणि बस म्हणा, किंवा जमिनीवर आडवे पडून म्हणा. बरीच कुत्री गोंधळतात, नुसती बघत राहतात. कारण इतके दिवस ते तुमचा शब्द ऐकून बसत नव्हतं, तुम्ही बस म्हणताना जरा पुढं वाकता, हात वर नेता, ते बघून बसत होतं. शब्द कुत्र्याला शिकवता येतात, नक्की येतात, पण अंगाची भाषा त्याला न शिकवता येते. त्यामुळं माणूस तोंडानं टनेल टनेल ओरडतोय आणि पायाची बोटं हर्डलकडं वळलीयत, तर कुत्रं हर्डल घेणार, आणि त्यात त्याचं काहीही चुकलेलं नाही. मैदानावर कुत्र्यावर चिडणारा माणूस दिसला की मला फार वाईट वाटतं, कारण दहातल्या नऊ वेळा कुत्र्यानं सांगितलं तेच केलेलं असतं.

म्हणून सुरुवातीचे कित्येक आठवडे आम्ही अडथळे आणतच नाही. एक मोठं प्लास्टिकचं पिंप किंवा बादली उलटी ठेवायची आणि कुत्र्याला शेजारी घेऊन तिच्याभोवती फिरायचं, आधी चालत मग हळू पळत. आपल्याकडं कुत्रं कायम डाव्या बाजूला चालवायची सवय असते, पोलिसांच्या आणि मिलिटरीच्या कुत्र्यांचं बघून आलेली. अ‍ॅजिलिटीत दोन्ही बाजू लागतात, डावीकडून उजवीकडं कुत्रं पळता पळता बदलावं लागतं, म्हणून पहिल्या दिवसापासून दोन्हीकडं खाऊ द्या. मग फ्रंट क्रॉस शिकायचा, म्हणजे कुत्रं मागून येतंय, तुम्ही त्याच्या पुढं आहात, तेव्हा कुत्र्याकडं तोंड करून वळायचं आणि दुसरा हात पुढं करायचा. ऐकायला सोपं वाटतं पण हे आधी कुत्र्याशिवाय करा, एकट्यानं, गच्चीवर करा, लोक हसले तर हसू द्या. वळायला उशीर झाला तर कुत्रं तुमच्यावर येऊन आदळतं नाहीतर लांबून मोठा वळसा घेतं, आणि लवकर वळलात तर उडी अर्धवट सोडून तुमच्याकडं येतं. ही वेळ साधणं म्हणजेच अ‍ॅजिलिटी आहे असं माझं स्पष्ट मत आहे, बाकी सगळं सामान.

खाऊचंही तसंच. कुत्र्यानं बरोबर केलं त्याच क्षणी हो किंवा शाब्बास असा एक छोटा शब्द, रोज तोच, आणि लगेच खाऊ, सेकंदाच्या आत. तीन सेकंदानं दिलात तर तुम्ही त्याला उडीचं बक्षीस नाही दिलं, उडीनंतर इकडं तिकडं बघितल्याचं दिलं. खाऊ कुठं देता तेही बघा, कारण खाऊ जिथं पडतो तिथं कुत्रं पुढच्या वेळी जातं. हर्डलच्या पलीकडं टाकलात तर पुढं बघून उडी मारेल, सारखा हातातून दिलात तर तुमच्या हाताकडं बघत बघत उडी मारेल आणि बार पाडेल. उकडलेलं चिकन, पनीर, करंगळीच्या नखाएवढे तुकडे, जास्त नाही. रात्रीच्या रश्श्यातले तुकडे मात्र आणू नका, त्यात कांदा असतो आणि कांदा लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशींचं नुकसान करतो. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा हेही सांगून ठेवतो, आपल्याकडं आजी कन्नडमधून बोलवते, सूनबाई मराठीतून, शेजारचे तेलुगूतून, कुठलीही भाषा घ्या पण एका कामाला एकच शब्द.

आता सामान. बाहेरून मागवलेला सेट महाग पडतो, गरज नाही त्याची. प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइप घ्या, हर्डल तयार. एकच अट, बार नुसता टेकवलेला पाहिजे, धक्का लागला की पडला पाहिजे, बांधायचा नाही, नाहीतर कुत्र्याचा पाय मोडेल. आणि सुरुवातीला बार जमिनीवर. हो, जमिनीवर! लहान मुलांचा कापडी टनेल चालतो, फक्त दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावा म्हणजे आत कुत्रं असताना गडगडणार नाही. पॉज टेबलसाठी, म्हणजे जिथं कुत्र्यानं थांबायचं असतं त्या पाटासाठी, आपली जुनी सोलापुरी चादर घडी करून वर घट्ट बांधा, पाय घसरत नाही आणि घरातल्या वासामुळं कुत्रं तिथं आपणहून बसतं, आमच्याकडं सगळ्यात पटकन जमलेला प्रकार हाच.

डॉग वॉक म्हणजे दोन्ही बाजूंना उतार असलेली उंच अरुंद फळी, ए फ्रेम म्हणजे तंबूसारख्या एकमेकींना टेकवलेल्या दोन फळ्या, आणि सीसॉ म्हणजे मुलांच्या बागेतल्यासारखी खालीवर होणारी फळी, या तिघांना कॉन्टॅक्टचे अडथळे म्हणतात, चढताना आणि उतरताना खालच्या टोकाला वेगळा रंग असतो, बहुतेक पिवळा, त्या पट्ट्यात कुत्र्याचा निदान एक पाय पडलाच पाहिजे. हा नियम कुत्र्याच्या भल्यासाठी आहे, कारण डॉग वॉक सव्वा मीटरच्या आसपास उंच आणि ए फ्रेम तर 1.7 मीटर, वरूनच उडी टाकली तर खांदे जातात. शिकवायला फळी जमिनीवर ठेवा, टोकाला डब्याचं झाकण ठेवा आणि पुढचे पाय झाकणाशी, मागचे फळीवर, असं थांबायला शिकवा. मग एक वीट, मग दोन. सीसॉला मात्र घाई अजिबात नको. फळी खाली आपटते तो आवाज आणि पायाखालचं हलणं याची एकदा भीती बसली की महिनोन्‌महिने जात नाही. आधी टोक हातात धरून हळू खाली सोडा, खाली सतरंजी टाका, आवाज झाला की खाऊ, कुत्र्याला वाटलं पाहिजे की हा आवाज मीच काढला आणि मस्त काढला.

वीव्ह पोल म्हणजे 12 उभ्या काठ्या, दोन काठ्यांत 60 सेंटीमीटर अंतर, आणि कुत्र्यानं शिरताना पहिली काठी त्याच्या डाव्या खांद्याला आली पाहिजे. मागावर आडवा धागा उभ्या धाग्यांतून एकाच्या वरून एकाच्या खालून जातो तसं कुत्रं एकही काठी न सोडता जातं, सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. सुरुवात दोनच काठ्यांनी करा, वेगवेगळ्या बाजूंनी शिरायला शिकवा, मग चार, मग सहा. पण वाढत्या वयाच्या कुत्र्याला नको, पाठीचा कणा सारखा पिळला जातो. उड्यांचंही तेच. पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग कूर्चेचा, मऊ असतो, मोठ्या जातीत तो भरून यायला वर्ष दीड वर्ष लागतं. एफसीआयच्या स्पर्धेत 18 महिन्यांच्या आत कुत्र्याला उतरवतच नाहीत ते काही उगाच नाही. तोवर पिंपाभोवती फिरणं, टनेल, जमिनीवरची फळी, भरपूर आहे की.

कुठलं कुत्रं पाहिजे, हा प्रश्न नेहमी येतो. जगात या खेळात बॉर्डर कॉलीच पुढं असते, मेंढ्या वळवायला तयार केलेली जात, माणसाच्या इशाऱ्यावर वळणं तिच्या रक्तातच आहे. पण आपल्या हवेत एवढ्या केसांचं कुत्रं आणायची मला तरी हौस नाही. आपल्या भागातला कारवानी बघा, पळायला त्याच्यासारखा नाही, पण तो नजरेनं शिकार करणारा, सरळ रेषेत सुटणारा, त्याला आखूड वळण शिकवायला वेळ द्यावा लागतो आणि बोलावल्यावर परत येणं आधी पक्कं करावं लागतं. आणि गावठी! मध्यम बांधा, आखूड केस, पाय काटक, डोकं तल्लख, शिवाय माणूस काय करतोय इकडं लक्ष ठेवूनच ते जगलेलं असतं, म्हणजे अर्धी अ‍ॅजिलिटी त्याला आधीच येते. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याचा विश्वास बसायला वेळ लागतो, पण बसला की ते जीव ओतून काम करतं. एफसीआयच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला वंशावळीचे कागद लागतात, तिथं गावठीला दार बंद आहे, मला हे पटत नाही. पण अमेरिकन केनेल क्लबनं 2010 पासून मिश्र जातीची कुत्री अ‍ॅजिलिटीत घेतली आणि 2024 ला तिथल्या वेस्टमिन्स्टर या मोठ्या डॉग शोची मास्टर्स अ‍ॅजिलिटी स्पर्धा निंबल नावाच्या मिश्र जातीच्या कुत्रीनं जिंकली, बॉर्डर कॉली आणि पॅपिलॉनचा मिलाफ, त्या स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदाच.

आता ऊन. यावर मी जरा कडक बोलणार आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पायाच्या गाद्यांना थोडासा येतो, बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवावी लागते. त्याचं नेहमीचं तापमानच 38 ते 39 असतं, 41 च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवाच चाळीसच्या वर. म्हणून उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत सराव संपवा, आणि सराव म्हणजे तास दोन तास नाही, पाच पाच मिनिटांचे तुकडे, मध्ये सावलीत विश्रांती आणि पाणी. संध्याकाळी सहा वाजले म्हणून निघू नका, जमीन तापलेलीच असते, तळहाताची मागची बाजू टेकवून बघा, पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याचे पाय भाजणार. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल अडखळली की लगेच थांबा, सावलीत न्या, पोटावर, मांड्यांत साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि तसंच डॉक्टरकडं. पग वगैरे चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापाच नीट टाकता येत नाहीत, त्यांच्यासाठी सावलीत टनेल आणि पाटावर थांबणं एवढंच ठेवा, त्यातही ती खूश असतात.

जागेचं म्हणाल तर जुळे सोलापूरकडं, विजापूर रोडला मोकळे प्लॉट आहेत, पण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पळत्या कुत्र्याचा पाय भेगेत गेला तर संपलं, म्हणून आधी स्वतः पूर्ण जागा चालून बघा, काचा, सराटे, बाभळीचे काटे वेचून काढा. फरशीवर, काँक्रीटवर उड्या नकोत, गच्चीवर तर नकोच नको, कठडा कुत्र्याला हर्डलच वाटतो. आणि मैदानात रोज येणारी भटकी कुत्री असतील तर त्यांना हाकलून न देता तुम्ही कोपरा बदला, आपल्या कुत्र्याला रेबीजची आणि बाकीची इंजेक्शनं झालेली असू द्यात.

सुरुवात करायच्या आधी डॉक्टरकडून कंबर आणि गुडघे एकदा तपासून घ्या, वजन जास्त असेल तर आधी ते उतरवा. म्हातारं कुत्रं असेल तरी नाराज होऊ नका, बार जमिनीवर ठेवून नऊ-दहा वर्षांची कुत्रीही आमच्याकडं कोर्स करतात, वळणं सगळी घेतात, उडी एकही नाही. तर उद्या सकाळी एक बादली, मूठभर पनीर आणि कुत्रं घेऊन बाहेर पडा, आणि पहिले काही दिवस तोंड बंद ठेवून नुसत्या पायांनी त्याला दिशा दाखवून बघा. नमस्कार.