दुभाषी कोण देणार?

हे हात पाहा. डॉक्टरांचं वाक्य पुरं होईस्तोवर ते या हातांवर सांकेतिक भाषेत उमटलेलंही असतं. भुवया उंचावल्या, म्हणजे विचारलं, "दुखतं का?" आक्रसल्या, म्हणजे, "कुठे दुखतं?" दुभाषी बाई डॉक्टरांच्या जरा मागे, बाजूला बसल्यात. कर्णबधिर पेशंटला दोघं एकाच नजरेत दिसायला हवीत ना!

दुभाष्याची ही खुर्ची इथे आली ती कोर्टातून.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उपचारांचा खर्च सरकारी योजनेतून व्हायचा. दुभाष्याचा मात्र नाही. एक संस्था कर्णबधिरांना फुकट दुभाषी द्यायची, पण पैशाअभावी १९९० मध्ये तिनेही ते थांबवलं. मग एका कर्णबधिर बाईंना दिवस भरण्याआधीच जुळी झाली. एका बाळाचे ठोके मंदावलेत, हे नर्सने त्यांना खाणाखुणांनी सांगितलं. जन्मताच बाळांना दुसरीकडे हलवलं. आईला मिळाली ती एक चिठ्ठी. बाळं ठीक आहेत, एवढंच.

या बाई आणि त्यांच्या नवऱ्याने आणखी एका कर्णबधिर पेशंटसह सरकारवर दावा लावला. आधार होता कॅनडाच्या राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेतलं १५ वं कलम: कायद्याचा लाभ सर्वांना समान. सरकारचं म्हणणं, दुभाषी हा काही उपचार नव्हे. ऐकू येणाऱ्यांनाही आम्ही तो देत नाही. खालच्या दोन्ही कोर्टांत दावा लावणारे हरले.

ओटावातली ही सर्वोच्च न्यायालयाची इमारत. ९ ऑक्टोबर १९९७. नऊही न्यायाधीशांचं एकमत झालं. डॉक्टरांशी नीट बोलता येणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि सगळ्यांना सारखंच वागवलं म्हणून भेदभाव टळत नाही. हॉस्पिटल स्वायत्त असलं, तरी ते सरकारची योजना राबवतं, तेव्हा सनद त्यालाही बांधील ठेवते. आरोग्याचा कायदा रद्द झाला नाही; तो राबवायची रीत बदलायची होती.

आणि खर्च? संपूर्ण प्रांतासाठी वर्षाला अंदाजे दीड लाख डॉलर. आरोग्याच्या बजेटच्या ०.००२५ टक्के. हा आकडा आम्ही पडद्यावर मुद्दाम जरा जास्त वेळ ठेवतोय.

सरकारला सहा महिन्यांची मुदत मिळाली. पुढे २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातही समान दर्जाच्या उपचारांचं कलम आलं.

पुन्हा तीच खोली. आता पेशंटला काही विचारायचंय.

(निवेदन थांबते. फक्त हात.)