55 डेसिबल मोजायचे कोणी?

[दृश्य : जुने नाशिक. सकाळची वेळ, रस्त्यावर वर्दळ सुरू होत आहे.]

नाशिकची गणेश विसर्जन मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि दूध बाजार, मेन रोड, मेहेर सिग्नल, अशोक स्तंभ, रविवार कारंजा असे वळसे घेत गोदाकाठी पोहोचते. या मार्गाच्या सुरुवातीच्या टप्प्यात रस्ता अरुंद आहे, आणि जुने वाडे, काही वाडे पाडून त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती आणि तळमजल्यावरची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. मोकळ्या मैदानात एका जागी ठेवलेल्या कर्ण्याचा आवाज अंतर दुप्पट झाले की साधारण 6 डेसिबलने उतरतो. या बोळांत मात्र तो समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येतो, त्यामुळे पन्नास पावलांवरच्या घरालाही अंतराचा पुरेसा फायदा मिळत नाही. सण संपले की शहरात दरवर्षी तीच मागणी होते, की आवाजाचे नियम बदला, कडक करा. नियम बदलायला हवेत, याबद्दल आमचे दुमत नाही. प्रश्न असा आहे, की नेमके काय बदलायचे आणि त्यातले नाशिकच्या हातात किती आहे.

आवाजाची मर्यादा शहर ठरवत नाही. ती पर्यावरण संरक्षण कायदा, 1986 खाली केंद्र सरकारने केलेल्या ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 मध्ये ठरलेली आहे. औद्योगिक क्षेत्रात दिवसा 75 आणि रात्री 70 डेसिबल, व्यापारी क्षेत्रात 65 आणि 55, रहिवासी क्षेत्रात 55 आणि 45, शांतता क्षेत्रात 50 आणि 40. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकच नव्हे, तर कोणतेही वाद्य वाजवायला मनाई आहे; अपवाद फक्त सार्वजनिक आणीबाणीचा. सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही वेळ मध्यरात्री 12 पर्यंत वाढवता येते, आणि ते 15 दिवस कोणते यावरून दर वर्षी थोडीफार ओढाताण होतेच.

हे आकडे सैल आहेत असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. रहिवासी भागातली 55 डेसिबलची पातळी म्हणजे दोन माणसांच्या शांत बोलण्यापेक्षा फार मोठा आवाज नव्हे. मर्यादा आणखी खाली आणून काहीही साधणार नाही. अडचण आकड्याच्या पुढे सुरू होते: हा आकडा कुठे लागू करायचा, कोणत्या यंत्राने आणि किती वेळ मोजायचा, आणि मोजून झाल्यावर कागदावर काय उतरवायचे. नाशिकला खरा वाव आहे तो इथे.

पहिली गोष्ट जागेची. मेन रोडवर खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना पिढ्यानपिढ्या आहे. ही जागा व्यापारी धरायची की रहिवासी? 2000 च्या नियमांतच तळटीप आहे, की मिश्र वापराच्या भागाला चारपैकी एका वर्गात बसवण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्याला आहे. व्यापारी आणि रहिवासी मर्यादेतला फरक 10 डेसिबलचा आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही, त्यामुळे 10 डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट. वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाच्या वाट्याला दहापट ऊर्जा येणार की नाही, हे नकाशावरच्या एका रंगावर ठरते. विकास आराखड्यात जमिनीच्या वापराचे रंग असतातच. आवाजाचा वर्ग मात्र रस्त्यागणिक जाहीर केलेला नागरिकांना सहज पाहायला मिळत नाही, आणि म्हणून वाद झाला की दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा वर्ग गृहीत धरतात.

शांतता क्षेत्राचेही तसेच आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचे 100 मीटर आपोआप शांतता क्षेत्र असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ऑगस्ट 2017 मध्ये नियमांत दुरुस्ती झाली, आणि राज्य सरकारने तसे विशेष जाहीर केल्याशिवाय एखादी जागा शांतता क्षेत्र मानली जाणार नाही, अशी तरतूद आली. मिरवणुकीच्या मार्गावरच्या मेहेर सिग्नलजवळ जिल्हा न्यायालय आहे. त्र्यंबक रोडवर जिल्हा शासकीय रुग्णालय आहे. रुग्णालयाबाहेर लावलेली ‘हॉर्न वाजवू नये’ ही पाटी आणि सरकारी अधिसूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सुनावणीत किंमत असते ती दुसरीला.

[दृश्य : ध्वनिमापक यंत्र, अगदी जवळून. टोकावर काळ्या स्पंजचा गोळा. शेजारी अंगठ्याएवढे भोक असलेले छोटे नळकांडे.]

आता मोजणीकडे येऊ. हे ध्वनिमापक यंत्र. टोकाला मायक्रोफोन आहे. वाऱ्याच्या झुळुकीने चुकीचा आकडा येऊ नये म्हणून त्यावर स्पंजची टोपी घातलेली आहे. शेजारचे नळकांडे हे यंत्र तपासण्याचे साधन आहे. ते मायक्रोफोनवर बसवून कळ दाबली की त्यातून एकच सूर निघतो, 1000 हर्ट्झचा, नेमका 94 डेसिबलचा. यंत्राने 94 दाखवले तर ते ठीक आहे. 91 दाखवले तर त्या संध्याकाळची प्रत्येक नोंद संशयास्पद ठरते. तपासणीला एखादे मिनिट लागते. पंचनाम्यात या मिनिटाचा उल्लेख नसेल, तर बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार.

यंत्राच्या पडद्यावर डेसिबलच्या शेजारी कंसात ‘ए’ हे अक्षर दिसते. आमच्या मते संपूर्ण विषयाची गाठ या अक्षरात आहे. माणसाच्या कानाला मंद पातळीवर खर्जातला आवाज कमी ऐकू येतो. म्हणून ‘ए’ भारांकन लावलेले यंत्र खर्जातला आवाज मुद्दाम कमी धरते. 63 हर्ट्झच्या सुराला ते सुमारे 26 डेसिबल वजा करून दाखवते. रहदारी, बोलणे, भोंगा यांच्यासाठी ही पद्धत चालून जाते. पण डीजेच्या भिंतीतून निघणारा ‘बेस’ मुख्यतः 40 ते 100 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. खिडकीची तावदाने थरथरतात, फडताळातली भांडी किणकिणतात, छातीत धडधड जाणवते, आणि यंत्र मात्र त्या धडधडीचा बराचसा भाग हिशेबातून गाळून टाकते. आजीच्या तक्रारीत आणि पोलिसांच्या आकड्यात तफावत पडते ती पुष्कळदा यामुळे. दोघेही खरे असतात.

यावर उपाय म्हणून ‘सी’ भारांकन आहे, जे खर्जाला फारशी कात्री लावत नाही. आपल्या कायद्याला ते अपरिचित नाही: फटाक्यांसाठी 1999 पासून जी मर्यादा आहे, ती फटाका फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल (एआय, म्हणजे क्षणिक आवाजासाठीचे ‘ए’ भारांकन) किंवा 145 डेसिबल (सी) शिखर अशी आहे. फटाक्याला लावलेली कसोटी ध्वनिभिंतीला लावायला नवा शोध लागत नाही. केंद्राची मर्यादा ‘ए’ मध्येच राहील, ती शहराला बदलता येणार नाही. पण मिरवणुकीच्या परवानगीची अट म्हणून ‘सी’ मधली नोंदही घेतली जाईल, आणि दोन नोंदींतला फरक ठरावीक प्रमाणाबाहेर गेला की खर्जाचे कर्णे बंद करावे लागतील, असे परवान्यावर लिहायला हरकत नसावी. कर्णे लावणारे तंत्रज्ञ हा फरक कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा चांगला जाणतात.

वेळेचा मुद्दाही असाच आहे. कायद्यातली मर्यादा क्षणाच्या आवाजाला नाही. ती दिवसाच्या 16 तासांच्या किंवा रात्रीच्या 8 तासांच्या सममूल्य सरासरीला आहे. एखाद्या ठिकाणी 10 मिनिटे 80 डेसिबल आवाज झाला आणि उरलेला सारा दिवस सुनसान गेला, तर 16 तासांची सरासरी 60 च्या आसपास येते, म्हणजे व्यापारी क्षेत्रात ती नियमात बसते. पोलीस 16 तास एका जागी उभे राहत नाहीत आणि राहूही नयेत. मात्र नोंद एका मिनिटाची की पाच मिनिटांची, मंडपाच्या हद्दीवर की तक्रारदाराच्या खिडकीत, हे शहरभर एकसारखे असले पाहिजे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये, असे नियम सांगतो. चालत्या मिरवणुकीची हद्द कोणती, यावर नियमाचे शब्द फारशी मदत करत नाहीत.

[दृश्य : गंगापूर रोड, संध्याकाळ. लॉन्सच्या प्रवेशद्वारावर रोषणाई.]

लग्नसराईत गंगापूर रोड आणि शहराबाहेर जाणाऱ्या इतर रस्त्यांवरच्या लॉन्सचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. जागा ठरलेली, मालक ठरलेला, हद्दीची भिंत ठरलेली. खासगी जागेच्या हद्दीवर मर्यादेपेक्षा फक्त 5 डेसिबल जास्त चालतात. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की वीजपुरवठा कापणारे उपकरण ध्वनियंत्रणेला बसवता येते. परवान्याच्या नूतनीकरणाशी ते जोडले की निम्मे काम होते.

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींना लागून असलेल्या वस्त्यांचे दुखणे वेगळे आहे, आणि त्याची चर्चा सहसा होत नाही. तिसऱ्या पाळीचा कामगार सकाळी घरी येतो आणि नियमाचा ‘दिवस’ सुरू झाल्यावर झोपतो. रात्रीची कडक मर्यादा त्याच्या उपयोगाची नाही. सकाळी 9 वाजता शेजारच्या गल्लीत हळदीचा डीजे लागला, तर कायदा त्याला भर दुपारी जागा असलेला माणूस समजतो. अशा वस्त्यांसाठी वेळेची अट स्थानिक परवानगीत घालता येईल. पण त्यासाठी आधी पाळीवाल्यांची वस्ती कुठे आहे, हे परवानगी देणाऱ्या टेबलावर माहीत असले पाहिजे.

आता ढोल. नाशिक ढोल हे या शहराचे नाव दूरवर नेणारे वाद्य आहे, आणि आवाजाच्या कोणत्याही नव्या नियमाची खरी परीक्षा त्यावरच होणार. ढोलाला आवाज कमी करण्याचे बटण नसते. वादकाचा हात आणि पथकाची संख्या हीच त्याची कळ. पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2024 मध्ये पथकात 30 पेक्षा जास्त वादक नकोत असे ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच त्या मर्यादेला स्थगिती दिली. डोकी मोजण्यातली अडचण गणितातही दिसते: एकसारखे वाजवणारे वादक 60 चे 30 केले, तर आवाज फक्त 3 डेसिबलने उतरतो. त्यापेक्षा पथकाने कोणत्या चौकात किती वेळ थांबून वाजवायचे, हे ठरवण्याने त्या चौकातल्या रहिवाशांना जास्त दिलासा मिळेल. ढोलाचा ताल चालत पुढे जातो तोवर तो उत्सव वाटतो. तोच एका खिडकीखाली तासभर खिळला की घरातल्या आजाऱ्याला शिक्षा होते.

कारवाईचा भाग कोरडा आहे, पण टाळता येणार नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या जुन्या कलम 15 नुसार उल्लंघनाला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड होता. जनविश्वास कायद्याने ते बदलले. 1 एप्रिल 2024 पासून कैद गेली आणि 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. तो दंड ठरवण्याचा अधिकार सचिव दर्जाच्या निर्णय अधिकाऱ्याकडे आहे. म्हणजे पंचवटीतल्या मंडपाबद्दल दंडाचा निर्णय मंत्रालयाच्या पातळीवर, आणि त्याचा पाया पंचवटीतल्या हवालदाराने रात्री पावणेबाराला लिहिलेला पंचनामा. मधली साखळी जितकी लांब, तितका हा पहिला कागद नीट असण्याला महत्त्व. महाराष्ट्र पोलीस कायद्यातले अधिकार याहून जवळचे आहेत. त्याच्या कलम 38 खाली त्रासदायक वाद्य किंवा आवाज थांबवण्याचा आदेश देता येतो. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे सांगितले, आणि तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, असेही बजावले. गल्लीतल्याच मंडळाविरुद्ध 112 वर फोन करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत राहायचे असते, हे न्यायालयाने ओळखले, ही मोठी गोष्ट आहे.

[दृश्य : तपोवन. मोकळे मैदान, दूरवर नदी.]

2027 च्या सिंहस्थातल्या पर्वण्यांना हे सारे एकाच जागी येते. तपोवनातल्या साधुग्रामात आखाड्यांची प्रवचने आणि कीर्तने, रस्त्यांवर मिरवणुका, आणि या सर्वांवर मात करून ऐकू यायला हवी अशी गर्दीनियंत्रणाची उद्घोषणा. पोलिसांच्या कर्ण्यावरून ‘पुढे सरका, थांबू नका’ ही सूचना भाविकाला कळणे हा जिवाचा प्रश्न असतो. ती ऐकू यावी म्हणून बाकीचे कर्णे खाली आणावे लागतात, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा वर चढवत जातो आणि शेवटी कोणाचेच शब्द कळत नाहीत. उद्घोषणेसाठी राखीव कर्णे, त्यांच्या शेजारी इतरांना बंदी, आणि आखाडानिहाय पातळी, एवढे तरी जागावाटपाच्या वेळीच कागदावर यायला हवे.

या गोष्टी शहराला कशा करता येतील, याचा मार्गही उपलब्ध आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 33 खाली पोलीस आयुक्तांना मिरवणुका आणि सार्वजनिक जागांच्या व्यवस्थेसाठी नियम करता येतात. नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, आणि त्यावर म्हणणे मांडता येते. आयुक्तांनी एका रात्री काढलेला आदेश पुढच्या आयुक्तांच्या काळात मागे घेतला जाऊ शकतो. नाशिकने 2022 मध्ये भोंग्यांच्या बाबतीत ते पाहिले आहे. हरकती घेऊन केलेला नियम इतक्या सहज पुसला जात नाही. त्या मसुद्यावर मंडळांचे कार्यकर्ते, ढोल पथके, लॉन्सचे मालक आणि मशिदी-मंदिरांचे विश्वस्त म्हणणे मांडायला येतीलच. मेन रोडवरच्या दुसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू आणि सातपूरचा तिसऱ्या पाळीचा कामगार यांचा अर्जही त्याच मुदतीत, त्याच टेबलावर पोहोचला पाहिजे.