खपली उडवली की कळतं

(दृश्य: वर्कशॉप. निळसर ठिणग्या.)

वेल्डिंगचा रॉड चिकटला. झटका देऊन सोडवला, पुन्हा टेकवला. आता आर्क धरला. गोठ्याचं फाटक आहे हे. जोडावरची खपली हातोडीने उडवली, की आत माल भरलाय की नुसती भोकं पडलीत ते उघडं पडतं. हा पेपर तपासायला कुणी लागत नाही.

पुणे जिल्ह्यातलं पाबळ. मस्तानीची समाधी बघून लोक माघारी वळतात. आपण विज्ञान आश्रमात आलोय. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. 1983 साली त्यांनी हे काम मांडलं ते मुद्दाम अशा कोरडवाहू गावात. शाळेने ‘ढ’ म्हणून ओवाळून टाकलेल्या पोराचं डोकं हाताला काम मिळालं की चालू लागतं, यावर त्यांचा भरवसा होता.

(दृश्य: कोंबड्या, तराजू, वही.)

ग्रामीण तंत्रज्ञानाचा हा वर्षभराचा निवासी पदविका अभ्यासक्रम. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य, सगळं आळीपाळीने करायचं. खाद्य किती घातलं, वजन किती वाढलं? फळ्यावर ज्याला गुणोत्तर म्हणतात, ते इथे खुराड्यात शिरून मांडायचं.

(दृश्य: डोमचा सांगाडा.)

हा पाबळ डोम, म्हणजे घुमटाकार घर. त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. एखादी पट्टी बोटभर आखूड कापली गेली, तर चूक तिथे दिसत नाही. शेवटचा त्रिकोण बसेना झाला की दिसते. मग उलगडत मागे यायचं. आणि काम कुठलंही असो, खर्चाचा कागद हवाच: लोखंड किती किलो, रॉड किती, वीज, मजुरी. (हा कागद पदवीधरांनाही शिकवायला हरकत नाही.)

2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा आली, एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. कलबाग 2003 मध्ये वारले. हाताने करत शिकायची हीच पद्धत ‘आयबीटी’ (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) या नावाने आठवी ते दहावीच्या शाळांतही पोचली: आठवड्यातला एक दिवस हातकामाचा.

आश्रमातल्या वर्षभराच्या पदविकेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता आहे. पुढे कुणी गावात शेड टाकतं, कुणी नोकरी धरतं. लग्नाच्या बायोडेटात अजून बी.ए.च चालतं, ते असो.

(दृश्य: फाटक उचलून चौकटीला लावतात.)

बिजागरी बसली. कडी अर्धा सूत वर लागतेय.

(निवेदन थांबते. ग्राइंडरचा आवाज.)